कंपनीत बायका अकराच, मग पाळणाघर कशाला?

प्रश्न : मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. नोकरीला सव्वाचार वर्षं झाली. एकूण पगार २६ हजार, त्यात बेसिक १५ हजार. बाळंतपणाच्या रजेतले तीन आठवडे मी डिलिव्हरीच्या आधीच घेतले होते. बाळ आता चार महिन्यांचं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रांगतं मूल त्यांना आवरणार नाही. मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी. एचआरकडे पाळणाघराचं विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडे ७२ जणांत बायका अकरा, आपल्याला तो नियम लागू नाही." बाहेरचं पाळणाघर महिन्याला ७ हजार सांगतंय, रिक्षाचे दीड-दोन हजार वेगळे. मग १७ हजारांसाठी एवढी ओढाताण करायची का? सरकार पाळणाघरासाठी महिना सव्वादोन हजार देतं असं कुणी सांगितलं, कुणी म्हणतं अंगणवाडीत ठेवता येतं. खरं काय? शिवाय आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी यांना सांभाळायला दहा वर्षांची थोरली शाळा बुडवून घरी बसते. त्यांच्यासाठी काही होईल का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या एचआरचं म्हणणं बाजूला ठेवू, कारण ते चूक आहे. कंपनीला पाळणाघर लागू होतं की नाही हे बायका मोजून ठरत नाही, एकूण कर्मचारी मोजून ठरतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली कलम ११-अ आलं आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तिथे हीच तरतूद कलम ६७ मध्ये आहे आणि आकडा ५० च आहे. तुमच्याकडे ७२ आहेत.

हा गैरसमज येतो कुठून, तेही सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ होतं. त्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर, असा हिशेब होता. कारखान्यांतल्या जुन्या एचआर मंडळींच्या डोक्यात तोच पक्का बसलाय. ते मुद्दाम फसवतात असं दर वेळी नसतं, बऱ्याचदा त्यांनी नवीन कलम वाचलेलंच नसतं. म्हणून भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा.

पाळणाघर कंपनीच्या आवारातच हवं असं कायदा म्हणत नाही. कंपनी जवळच्या खासगी पाळणाघराशी करार करू शकते, सरकारी, महापालिकेच्या किंवा संस्थेच्या पाळणाघराची सोय वापरू शकते, किंवा शेजारच्या चार कंपन्या मिळून एक पाळणाघर चालवू शकतात. महिला व बालविकास मंत्रालयाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ते कामाच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत असावं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असावं आणि एका पाळणाघरात ३० पेक्षा जास्त मुलं नसावीत. ७२ माणसांच्या कंपनीला स्वतःचं पाळणाघर परवडत नाही, हे आम्हालाही कळतं. दोन-तीन बाळांसाठी खोली, सांभाळणारी ताई आणि मदतनीस ठेवायला कुठलाच मालक तयार होणार नाही. करार मात्र परवडतो. तुमची मागणी तीच ठेवा.

पत्र ईमेलनं पाठवा आणि एक छापील प्रत आवक-जावकचा शिक्का मारून घ्या. मजकूर साधारण असा :

"माझी मातृत्व रजा दि. … रोजी संपत आहे. आपल्या आस्थापनेत ५० पेक्षा जास्त कर्मचारी असल्याने सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६७ नुसार पाळणाघराची सुविधा मिळावी, ही विनंती. स्वतंत्र पाळणाघर शक्य नसल्यास जवळच्या पाळणाघराशी करार करावा. त्याच्या शुल्काची व्यवस्था कशी असेल ते लेखी कळवावे. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा तसेच बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दोन विराम मिळावेत. माझ्या कामाचे स्वरूप पाहता रुजू झाल्यावर पहिले तीन आठवडे घरून काम करण्यास परवानगी मिळावी."

यातला शुल्काचा मुद्दा गाळू नका. पाळणाघराची फी कंपनीनं भरायची की तुम्ही, किती कुणी, हे या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. तिथेच घोळ होतो. कंपनी करार करते, फलक लावते आणि पूर्ण फी पालकांच्या गळ्यात टाकते. म्हणून आधीच लेखी घ्या. निम्मी फी कंपनी भरायला तयार झाली तरी महिन्याला साडेतीन हजारांचा फरक पडतो. चार भेटींमध्ये जेवणाची आणि चहाची सुट्टी धरलेली असते, चार वेगळ्या सुट्ट्या मिळतील असं समजू नका. दूध पाजण्याचे दोन विराम मात्र नेहमीच्या विश्रांतीपेक्षा वेगळे आहेत.

आता त्या तीन आठवड्यांचं गणित. तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रजा एकूण २६ आठवडे. त्यातले तीन आधी गेले, म्हणजे जन्मानंतर २३ आठवडे उरले. दिवसांत १६१. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळ पाच महिने आणि आठवडाभराचं असेल. सरकारी असो की मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालणारं खासगी, पाळणाघरात बाळ घेतात सहा महिने पूर्ण झाल्यावर. बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं तेही सहा महिन्यांपर्यंतच. मधली ही तीन आठवड्यांची फट अनेक आयांना नेमकी रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात दिसते आणि मग राजीनाम्याची भाषा सुरू होते. ही फट भरायचे मार्ग तीन : शिल्लक अर्जित रजा, घरून काम, किंवा दोन्हींची जोड. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, फक्त ती दोघांच्या संमतीवर आहे, हक्क म्हणून नाही. अकाउंट्सचं काम घरून होतं, हे पटवणं तुमच्या हातात आहे. पहिल्या तीन आठवड्यांत बिलांची नोंद, बँक जुळवणी असली कोणती कामं घरून कराल ते पत्रासोबत पाच ओळींत लिहून दिलंत तर नकार द्यायला कारण उरत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र. त्यानंतरही टाळाटाळ झाली तर कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, त्यांच्या नाशिकच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. दुकान, ऑफिस अशा आस्थापनांसाठी कामगार आयुक्तालय. शक्यतो एकट्यानं तक्रार करू नका. त्या अकरा जणींपैकी ज्यांची मुलं सहा वर्षांच्या आत आहेत त्यांना सोबत घ्या. पुरुष सहकाऱ्यांचीही सही चालते, लहान मुलं त्यांनाही आहेतच. सातपूर-अंबड पट्ट्यात निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. चार-पाच कंपन्यांचं सामाईक पाळणाघर हा विषय मालकांनी तिथे मांडावा, असं एचआरला सुचवून पाहा. तुमच्या मिस्टरांच्या कंपनीत पाळणाघर असेल तर तिथेही विचारा. काही ठिकाणी वडिलांच्या नावावर मूल घेतात, पण कुणी विचारतच नाही.

आता सरकारी पैशाकडे वळू. यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

सव्वादोन हजार रुपये महिना, म्हणजे २,२५० रुपये, ही क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ती अनाथ मुलांसाठी, आई किंवा वडील गमावलेल्या, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी आहे. पाळणाघराची फी भरून देणारी ती योजना नाही, तुम्हाला ती लागू नाही. मावशींच्या मुलांना मात्र लागू होऊ शकते. त्याकडे शेवटी येतो.

अंगणवाडी : सहा महिने पूर्ण झाले की तुमचं बाळ नाव नोंदवायला पात्र आहे. रेशनकार्डाचा रंग किंवा पगाराची स्लिप कुणी मागणार नाही. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, दरमहा वजन-उंची, लसीकरणाची आठवण हे सगळं मिळतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे बसवून शिकवतात आणि गरम ताजा आहार देतात. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभर सांभाळण्याची सोय मात्र साध्या अंगणवाडीत नसते. ती काही तासच उघडी असते आणि एकच सेविका, एकच मदतनीस. सेविकेच्या मांडीवर बाळ ठेवून जाणं तिच्यावरही अन्याय आणि बाळावरही. तरीही नाव नोंदवाच. पगारदार घरातल्या बायका अंगणवाडीला "आपल्यासाठी नाही ती" म्हणून नाक मुरडतात आणि मग बाळाचं वजन दोन महिने अडकलंय हे डॉक्टरकडे सर्दीसाठी गेल्यावर कळतं.

तिसरी गोष्ट तुमच्या खऱ्या उपयोगाची : 'पाळणा' योजना. पूर्वीची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्तीखाली 'पाळणा' या नावानं आली आणि त्यात काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघर चालवायचं ठरलं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये अशा ३४५ केंद्रांना मान्यता मिळाली. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. सकाळचा नाश्ता, दुपारचं गरम जेवण, संध्याकाळी दूध, अंडं किंवा केळं असा खाऊ, झोपायची जागा, वाढीची नोंद, आरोग्य तपासणी आणि तीन वर्षांपुढच्या मुलांना पूर्वशालेय शिक्षण. आई नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही.

यात सरकारचा पैसा आईच्या खात्यात येत नाही, केंद्र चालवायला जातो. ६० टक्के केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा. पाळणा सेविकेला महिना ५,५०० रुपये, पाळणा मदतनीसला ३,०००, शिवाय त्याच अंगणवाडीच्या सेविकेला १,५०० आणि मदतनीसला ७५० रुपये भत्ता. बेरीज १०,७५०. पंचवीस मुलं धरली तर मुलामागे माणसांवरचा खर्च महिना ४३० रुपये. तुमच्या खासगी पाळणाघराचे ७ हजार आणि हे ४३० शेजारी ठेवून पाहा. या योजनेची ताकद तिथेच आहे आणि दुखणंही तिथेच. साडेपाच हजारांत बारावी झालेली बाई साडेसात तास दहा-बारा तान्ह्यांना सांभाळणार, आणि जवळच्या कारखान्यात पॅकिंगला आठ-दहा हजार मिळाले की सोडून जाणार. तिच्याजागी नवी येईपर्यंत पाळणाघराचं दार अर्धवटच उघडं. सरकारनं या योजनेत आणखी पैसा घालायचा असेल तर भिंती रंगवण्याआधी या मानधनात घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमच्या भागात असं केंद्र आहे का हे जवळच्या अंगणवाडीत विचारा. अंगणवाडीताईंना माहीत नसेल तर पर्यवेक्षिकेचं नाव घ्या आणि नागरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. केंद्र सापडलं तरी तुमची खरी अडचण वेळेची असेल. तुमची ड्यूटी, अधलीमधली सुट्टी आणि दोन्ही वेळचा प्रवास मिळून नऊ-साडेनऊ तास होतात, केंद्र साडेसात तास उघडं. म्हणजे संध्याकाळी दोन तास कुणीतरी हवं. सासूबाईंची मदत इथे घ्या. रांगत्या मुलामागे दिवसभर धावणं त्यांना झेपणार नाही, पण मिस्टरांनी किंवा शेजारच्या कुणी बाळ घरी आणून दिल्यावर दोन तास त्या नक्की बसतील. मिस्टरांच्या सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात हा प्रश्नच येणार नाही. पाळणाघर आणि आजी यांतलं एकच निवडायचं, असं कुणी सांगितलंय?

मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये तुम्हाला मिळणार नाहीत. कायद्यानं पगारी मातृत्व रजा घेणाऱ्यांना त्यातून वगळलंय. पाळणाघराची फी आयकरात वजा होत नाही. मूल नर्सरीत गेलं की तिथली ट्यूशन फी, तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, दीड लाखांच्या नेहमीच्या वजावटीत दाखवता येते. करातून एवढंच.

सतरा हजारांच्या गणिताबद्दल. पाळणाघराची फी फक्त तुमच्या पगारातून का वजा केलीत? मूल दोघांचं, खर्च घराचा. मिस्टरांच्या पेट्रोलचा खर्च काढताना कुणी "उरतं किती, नोकरी सोडू का" असं विचारत नाही. शिवाय हातात येणाऱ्या रकमेत न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. बेसिक १५ हजारांवर कंपनी १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० रुपये, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनमध्ये भरते. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते, तुमची सव्वाचार झाली. दुसरं ग्रॅच्युइटी. ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते आणि मातृत्व रजेचे २६ आठवडे सेवेतच धरतात. म्हणजे तुम्हाला नऊ महिने उरले. १५ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ : ४३,२६९ रुपये. आज राजीनामा दिलात तर यातलं काही हाती येणार नाही. त्यामुळे निदान ही नऊ महिन्यांची रेघ ओलांडेपर्यंत निर्णय पुढे ढकला. तोवर बाळ तेरा महिन्यांचं होईल, पाळणाघरातली पहिली आजारपणं उरकलेली असतील, आणि तेव्हाचा निर्णय वेगळा असू शकतो.

कंपनीचा करार होईपर्यंत खासगी पाळणाघर घ्यावं लागलं तर पाहायला जाल ती वेळ नीट निवडा. सकाळी अकरा ही दाखवायची वेळ असते, मुलं न्हाऊन-माखून बसलेली. दुपारी साडेतीन-चारला, न सांगता जा. तेव्हा मुलं झोपेतून उठून रडत असतात, दोन ताई कंटाळलेल्या असतात, आणि खरं पाळणाघर दिसतं. आधी डोकी मोजा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक ताई ही मार्गदर्शक तत्त्वांतली मर्यादा. सहा-आठ महिन्यांची बाळं जास्त असतील तर दहाही खूप झाली, पाच-सहापर्यंत असलेलं बघा. जागा मुलामागे निदान १० ते १२ चौरस फूट. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत दहा-बारा मुलं, त्यात कपाट आणि खाट असतील तर आणखी कमी. तळमजला असेल तर उत्तम. गॅस सिलिंडर मुलांच्या खोलीला लागून तर नाही ना, बाथरूममधली बादली भरलेली राहते का (रांगत्या बाळाला वीतभर पाणीही घात करतं), खिडकीला जाळी आहे का, झोपवताना बाळ पाठीवर आणि उशीशिवाय ठेवतात का. लंगोट बदलल्यावर ताई साबणानं हात धुते का, हे दहा मिनिटं गप्प बसून बघितलं की कळतं. ही एक गोष्ट चुकत असेल तर बाकी कितीही रंगीत चित्रं असली तरी जुलाब ठरलेले.

सीसीटीव्ही आहे एवढ्यावर समाधान मानू नका. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यातच टिपली गेली होती, पण ती होत असताना बघणारं कुणी नव्हतं. कॅमेऱ्याचं चित्र तुमच्या मोबाइलवर दिसतं का, ताईंची पोलीस पडताळणी झालीय का, बाळाला न्यायला कोण येऊ शकतं याची लेखी यादी ठेवतात का, हे विचारा. मारहाणीची शंका आली तर बाळाच्या अंगावरचे व्रण तारखेसह फोटोत टिपा, डॉक्टरकडे नोंद करा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. सांभाळण्याची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बाळाला रुळवायला बारा-पंधरा दिवस द्या. घरून कामाची परवानगी मिळाली तर तेच दिवस वापरा. पहिले तीन दिवस तासभर, तुम्ही तिथेच. मग तासभर तुमच्याशिवाय. मग एक दूध आणि एक झोप तिथे. शेवटचे चार दिवस पूर्ण वेळ. निघताना चोरून निघू नका, "येते" म्हणून निघा. बाळ रडेल, पण सतत दाराकडे बघत बसणार नाही. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होईल तेव्हा प्रत्येक नवा पदार्थ आधी घरी दोन-तीन दिवस देऊन बघा आणि मगच पाळणाघराच्या डब्यात घाला. नाहीतर पुरळ आलं की ते नाचणीनं आलं की तिथल्या साबणानं, यावर वाद होत बसतो.

दूध काढून ठेवणार असाल तर स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या लहान डब्यांत, एका वेळेपुरतंच, ६० ते ९० मिली, वर नाव आणि वेळ लिहून. २५ अंश तापमानाला ते चार तास टिकतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, बर्फाच्या पॅकसह पिशवीत न्या आणि तिथे लगेच फ्रिजमध्ये ठेवायला लावा. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात धरून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. पाजताना उरलेलं दोन तासांनी ओतून द्यायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, उकळायला सोपा आणि बाळ अंगावरचं सोडत नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्दी, खोकला, जुलाब होणार हे धरून चला. सगळ्याच पाळणाघरांत होतं, त्यासाठी पाच-सहा रजा शिल्लक ठेवा. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, तोवर अंगावर पुरळ आणि ताप असलेलं मूल पाळणाघरात घेतात का हे आधीच विचारून ठेवा. जे पाळणाघर "ताप असला तरी पाठवा, आम्ही बघू" म्हणतं, ते सोयीचं वाटतं, पण दुसऱ्यांची तापलेली मुलंही ते घेत असतं.

आता मावशींचं. त्यांच्या घरात दोन लेकरांचा सांभाळ दहा वर्षांची मुलगी करतेय, म्हणजे त्या घराचं पाळणाघर तिच्या शाळेच्या पटावर चाललंय. सरकारनं पाळणाघरांवर पैसा का घालावा याचं इतकं सरळ उत्तर दुसरं मिळणार नाही. एका केंद्रात पंचवीस लेकरं ठेवली की आयांची मजुरी तर वाचतेच, त्यांच्या मोठ्या बहिणीही वर्गात परत जातात. पण अर्थसंकल्पात दिसतो फक्त मानधनाचा खर्च.

चार वर्षांच्या मुलाचं नाव उद्याच अंगणवाडीत घाला. दुपारपर्यंतचा वेळ आणि एक जेवण सुटलं. दीड वर्षाच्या मुलीसाठी 'पाळणा' केंद्र जवळ असेल तर दोघांनाही तिथेच ठेवता येईल. नसेल तर मागणी करावी लागेल, आणि ती एकट्या मावशींची चालणार नाही. वस्तीतल्या धुणंभांडी, बांधकाम, कारखाना अशी कामं करणाऱ्या आयांची यादी करा : आईचं नाव, मुलाचं नाव, जन्मतारीख, आई घरातून किती वाजता जाते, किती वाजता येते, सध्या मूल कोण सांभाळतं. नुसत्या सह्यांचे अर्ज फायलीत पडून राहतात, जन्मतारखा आणि वेळा असलेली यादी वर पाठवायला अधिकाऱ्यालाही सोपी जाते. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, प्रत नगरसेवकाला. वस्तीत अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची ४० मुलं असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. तो आदेश अर्जात तारखेसह लिहा.

आणि बालसंगोपन योजना. वडील गेल्यामुळे मावशींची मुलं तिच्या चौकटीत बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, गृहभेटीनंतर बालकल्याण समितीचा आदेश होतो आणि मग खात्यात पैसे येतात. वेळ लागतो, महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन विचारत राहावं लागतं. कोणत्या मुलासाठी किती रक्कम मंजूर होईल ते तिथेच कळेल, दलालाला पैसे देऊ नका, अर्ज फुकट आहे. कागद : वडिलांचा मृत्यूचा दाखला, आई आणि मुलांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, थोरलीचं शाळेचं बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरासमोर आई आणि मुलांचा फोटो. बोनाफाइडपाशी बहुतेक अडतं, कारण मुलगी महिनोनमहिने गैरहजर असल्यानं शाळा खळखळ करते. तेव्हा मावशींसोबत तुम्ही एक दिवस शाळेत जा, मुख्याध्यापकांना परिस्थिती सांगा, आणि मुलगी ज्या सोमवारपासून परत येणार तो सोमवार ठरवूनच दाखला मागा.